समोरच्यांच्या दोन बोटी

उभ्या आयुष्यात दोनदाच बोटीच्या सफरीला जाऊन समुद्राविषयी इतकं बोललेला माणूस मुंबईच्या किनाऱ्याने दुसरा पाहिला नसेल. कोळीवाड्यातली म्हातारी माणसं जन्म समुद्रावर काढतात आणि दिवसाला चार वाक्यं बोलतात. आमचे समोरचे तेवढी वाक्यं चपला काढताना बोलून मोकळे व्हायचे. त्यांना नाव आहे, आडनाव आहे, दारावर पाटीसुद्धा होती. पण बोरिवलीच्या आमच्या जुन्या तीन मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोनच घरं, दारासमोर दार, त्यामुळे मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरात ते 'समोरचे'च. तोंडावर मी काका म्हणते. नोकरी त्यांची पाणीखात्यात झाली, म्हणजे पाण्याशी संबंध नव्हता असं नाही, पण तो पाइपातल्या पाण्याशी. समुद्र त्यांच्या आयुष्यात निवृत्तीनंतर शिरला आणि तिथून थेट आमच्या जिन्यापर्यंत आला.

पहिली बोट मोठी होती. पवईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांना सिंगापूरच्या क्रूझवर पाठवलं. आपल्या इमारतीसारख्या सहा इमारती एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढी ती बोट, असं ते सांगत. "अगं, पहिला अर्धा दिवस मी समुद्र शोधत होतो. दुकानं सापडली, पोहायचे तलाव सापडले, केस कापायचं सलून सापडलं. शेवटी एका गोऱ्याला विचारलं, सी किधर है? त्याने मला लिफ्ट दाखवली!" खोलीला खिडकी नव्हती, पण टीव्हीवर एका वाहिनीवर चोवीस तास समुद्र दिसायचा. "बायकोला समोर बसवून तिचा फोटो बघण्यातला प्रकार," असं म्हणून ते काकूंकडे बघत आणि काकू भाजी निवडत राहत.

पण मोठ्या बोटीवरचा त्यांचा खरा राग वाटीवरून होता. काकूंनी सोबत खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. खोलीसमोर खोली, तिथे एक वयस्कर गोरं जोडपं. समोर माणसं राहतात म्हटल्यावर समोरच्यांच्यातला समोरचा गप्प कसा बसणार? काकूंच्या माहेरचं नाव कोरलेल्या स्टीलच्या वाटीत चार वड्या घालून त्यांनी ती नेऊन दिली. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. समोरचे दोन दिवस वाट बघत बसले. त्या जोडप्याने वाटी उष्ट्या भांड्यांबरोबर दाराबाहेर ठेवली होती आणि ती बोटीच्या पोटात कुठेतरी धुवायला गेली होती. मग यांनी स्वागतकक्षावर जाऊन तक्रार केली, हातवारे करून वाटीचा आकार दाखवला, कोरलेलं नाव हवेत लिहून दाखवलं. तिसऱ्या दिवशी वाटी आली. लखलखीत धुतलेली, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, वर खोलीचा नंबर चिकटवलेला. "आणि आत?" असं विचारून ते थांबत. उत्तर मला पाठ होतं, पण ते मी दिल्याशिवाय पुढची गोष्ट हलायची नाही. "रिकामी," मी म्हणायचे. "रिकामी!" ते म्हणायचे, आणि एवढ्या वर्षांनंतरही त्यांचा चेहरा खरोखर पडायचा.

दुसरी बोट छोटी. जर्मनीतल्या मुलीने ग्रीसची बेटं दाखवायला नेलं तेव्हाची. पंचवीसेक माणसं, लिफ्ट नाही, न्हाणीघर एवढं अरुंद की साबण खाली पडला तर बाहेर येऊन, वळून, पुन्हा आत जावं लागे. कप्तान जेवायला शेजारी बसे. दुसऱ्या दिवसापर्यंत काकांच्या पोटाची तक्रार बोटीवरच्या सगळ्या देशांच्या प्रवाशांना कळली होती आणि प्रत्येक देश आपापला उपाय सुचवत होता. बोट अशी हलायची की काका सफरभर ओकत होते. पण तेही ते कौतुकाने सांगत. "मोठ्या बोटीवर ओकारी येतच नाही. आली तर बटण दाबायचं. छोट्या बोटीवर चार जण पाठीवरून हात फिरवतात. तू सांग, कुठली बरी?" समोरच्या खोलीत दिलेली चिवड्याची वाटी तिथे संध्याकाळच्या आत परत आली, काळ्या ऑलिव्हांनी भरून. "खारवलेली करवंदं, अगदी वाईट," असं तोंड वाकडं करून ते सांगत. "पण सगळी खाल्ली. वाटी भरून आली होती ना!"

या दोन बोटींत त्यांनी मग सगळं जग वाटून टाकलं. आमचा कोपऱ्यावरचा डॉक्टर छोटी बोट, पाच मजली इस्पितळ मोठी बोट. हॉलमधलं लग्न मोठी बोट, कारण तिथे नवरदेवाच्या बापालाही कोण आलंय ते कळत नाही. माझी मरोळची कंपनी त्यांनी न बघताच मोठ्या बोटीत ढकलली होती. मी तिथून संध्याकाळी जीव मेटाकुटीला येऊन घरी पोचायचे, तिसऱ्या मजल्यावर चढायचे, आणि त्यांचं दार सताड उघडं असायचं. "आलीस? आज उशीर केलास. अगं, मोठ्या बोटीवर काय व्हायचं..." पिशवी एका हातात, किल्ली दुसऱ्या हातात, अशा अवस्थेत मी त्यांच्या गोष्टीतली ती वाटी बोटीच्या पोटातून किती वेळा धुऊन आणली असेल याची गणती नाही. कान किटायचे. आत जाऊन दार लावलं तरी 'भाजी करपतेय का गं?' असं बाहेरून विचारणं व्हायचं आणि ती खरंच करपत असायची.

एकदा छोट्या बोटीची महती पटवायला त्यांनी अख्ख्या इमारतीला मार्व्याहून मनोरीला फेरीबोटीने नेलं. मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या आणि त्यात आम्ही. बोट सुटल्यापासून त्यांनी प्रत्येकाला गाव विचारायला सुरुवात केली. एका कोळणीला तिच्या सुनेचं माहेर विचारेपर्यंत पलीकडचा धक्का आला. ती म्हणाली, "काका, उतरा आता. जल्माची सोयरीक जोडता काय?" समोरचे धन्य होऊन उतरले. परतीच्या वाटेवर ते आम्हाला म्हणाले, "बघितलंत? मोठ्या बोटीवर असं कोणी बोललं असतं?"

काकूंचं मत नेमकं उलटं होतं, आणि ते मत काकू नवऱ्यादेखत मांडत. "ह्येंका काय कळता? मोठ्या बोटीर माका कोणी काय्येक इचारूक नाय. कितकां बरां वाटलां म्हणून सांगू!" खरं सांगायचं तर मी मनातून काकूंच्या पक्षाची होते. दिवसभर माणसंच माणसं बघून आलेल्या बाईला बंद दाराइतकं सुंदर काही दिसत नाही.

मग इमारत पाडून टॉवर बांधायचं ठरलं. बिल्डरच्या माणसाने गच्चीवर पडदा लावून चित्रं दाखवली. पोहायचा तलाव, व्यायामशाळा, फिरायला बाग. समोरचे उठून उभे राहिले. "हे मी बघितलंय. याला डेक म्हणतात. याच्यावर कोणी कोणाला ओळखत नाही." सगळे हसले. हसू संपेपर्यंत थांबून ते म्हणाले, "माझी एकच अट आहे. आमचं दार यांच्या दारासमोर पाहिजे." आणि त्यांनी बोट माझ्याकडे केलं. बिल्डरच्या माणसाला वाटलं की म्हातारा जास्तीची जागा मागायची प्रस्तावना करतोय. त्यांना जागा नको होती, पार्किंग नको होतं, त्यांना समोर आम्ही हवे होतो. एवढी साधी मागणी त्या सभेत कोणाला समजेना. मजले चिठ्ठ्या टाकूनच ठरणार, असं त्यांना सांगण्यात आलं. ते बरेच दिवस अडून बसले. शेवटी काकूंचे गुडघे इतके दुखायला लागले की तीन जिने म्हणजे त्यांना डोंगर झाला. लिफ्टसाठी त्यांनी सही केली आणि अट मागे घेतली.

चिठ्ठ्यांत आम्हाला सातवा मजला आला आणि त्यांना बाविसावा. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "काही हरकत नाही, लिफ्ट आहे ना." पण त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांनी दार लावून घेतलं, आणि ते दार बंद बघून मला फार विचित्र वाटलं.

टॉवर उभा राहिला आणि नव्या घरातले पहिले काही महिने मी मजेत काढले, लपवत नाही. लिफ्ट उघडायची, गुळगुळीत पॅसेज, समोर एक आकडे दाबून उघडणारं दार, जे मी कधी उघडलेलं पाहिलं नाही. आत कोणीतरी तरुण जोडपं राहतं म्हणे. मी माझ्या घरात शिरायचे, दार लावायचे आणि कोणी काही विचारायचं नाही. झकास. आणि मग एका संध्याकाळी लिफ्ट उघडली तर आमच्या दारासमोर घडीची खुर्ची टाकून समोरचे बसले होते, मांडीवर ताटलीने झाकलेली वाटी.

"काका, इथे काय करताय?"

"बसलोय. अगं, मी समोरचा. वर बसून समोरचा कसा होणार?"

त्यानंतर ते रोज यायला लागले. रखवालदार सांगायला आला, "अंकल, इधर बैठना अलाउड नहीं है. फायर का रूल है." यांनी उत्तर दिलं, "आग लगेगा तो मैं कुर्सी लेकेच भागेगा ना." तो हरला. सामान पोचवणारी पोरं त्यांना आमच्या मजल्याचा माणूस समजून त्या न दिसणाऱ्या जोडप्याची खोकी त्यांच्या स्वाधीन करू लागली, आणि ते ती खुर्चीखाली सांभाळू लागले. ती खोकी घ्यायला शेवटी ते आकड्यांचं दार उघडलं. आतून एक मुलगी बाहेर आली, थँक्यू अंकल म्हणाली, आणि घाईघाईने आत जाऊ लागली. तेवढ्यात यांनी तिचं गाव विचारून घेतलं. सातारा निघालं. रात्री जाताना खुर्ची ते आमच्या चपलांच्या कपाटामागे ठेवून जात. मी किल्ली हातात धरून उभी, आणि त्यांची बोट सिंगापूरहून सुटलेली. कधी कधी वाटायचं, आज लिफ्ट बंद पडली तर किती बरं होईल.

लिफ्ट बंद पडली नाही. काकाच पडले, न्हाणीघरात. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, काही महिने घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. इस्पितळात मी भेटून आले होते. तिथे भेटीची वेळ कमी, गर्दी जास्त. ते घरी आल्यावर मात्र मी रोज 'उद्या जाऊ' म्हणत राहिले. संध्याकाळी लिफ्टचं दार उघडायचं आणि पॅसेज रिकामा दिसायचा. इतकी वर्षं मागितलेली शांतता मिळाली होती आणि ती मला सहन होत नव्हती. कपाटामागची खुर्ची दिसली की मी ती उगाच पुसून ठेवायचे.

मग काकूंचा फोन आला. "जरा येशील गो? बोलणत नाय कोणाशी. आयुष्यभर सांगत इलंय, गप बसा, गप बसा. आता गप बसलेत तर माका सोसणा नाय."

त्या दिवशी ऑफिसात अगदी पिट्ट्या पडला होता. पाय उचलत नव्हते. स्वयंपाकघरात त्यांची वाटी पालथी पडली होती, शेवटच्या वेळी शेवयांची खीर घेऊन आलेली. परत करायची तर रिकामी कशी करणार, आणि घरात तर केलेलं काही नव्हतं. मी साखरेचा डबा काढला, परत ठेवला. खाली उतरले, आवारातल्या दुकानातून ऑलिव्हांची बाटली घेतली, वर आले, वाटी भरली. ती ताटलीने झाकली, काखेत खुर्ची मारली आणि बाविसाव्या मजल्याचं बटण दाबलं.

काकूंनी दार उघडलं. हॉलमध्येच पलंग टाकला होता, समोरचे भिंतीकडे तोंड करून पडले होते. "आत ये ना गो," काकू म्हणाल्या. "नको काकू, दार उघडं ठेवा फक्त," मी म्हटलं, आणि पॅसेजमध्ये त्यांच्या दारासमोर खुर्ची उघडून बसले. खुर्ची कुरकुरली. तो आवाज त्यांनी ओळखला असावा, कारण त्यांनी मान वळवली. केवढे खंगले होते! माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या मांडीवरच्या वाटीकडे पाहिलं.

"रिकामी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"बघा तरी."

काकूंनी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ताटली सरकवली, आत पाहिलं, एक उचलून तोंडात टाकलं आणि चेहरा आंबट केला. "वाईटच आहेत गं," ते म्हणाले. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. डोळे पुसायला काकू आत गेल्या. मी पॅसेजच्या भिंतीला डोकं टेकलं, पायातल्या चपला सोडल्या. डोळे मिटत होते.

"अगं," पलंगावरून आवाज आला, "त्या मोठ्या बोटीवर काय झालं..."

पुढचं सगळं मला पाठ होतं. मी म्हटलं, "काय झालं, काका?"