उज्जैनवाल्या ताईंनी पाठवलं

माझ्या लहानपणी आमच्या घरी गोडधोड कधी असायचं, तर यात्रेकरूंची बस वाटेत बंद पडली की. आई उज्जैनला नदीवरच्या राम घाटाजवळ एका धर्मशाळेत स्वयंपाक करायची. महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींनी आधीच कळवून ठेवलेलं असायचं. आई पहाटेपासून भट्टीशी उभी राहून सगळं रांधायची, आणि बस मानपूरच्या घाटातच अडकून पडायची. मग त्या दिवशी आमच्याकडे शिरा, पुऱ्या आणि बटाट्याची सब्जी. एरवी शिळ्या पोळ्यांचा कुस्करा. मी देवाला फार काही मागत नव्हते, पण मानपूरच्या घाटावर माझी श्रद्धा होती.

बाबा कपड्याच्या मिलमध्ये होते. मी शाळेत असतानाच ती बंद पडली. पेपरात रोज यायचं की देशाची दारं उघडली, आता बाहेरून पैसा येणार. आमच्या गल्लीतून जे एकच मोठं फाटक दिसायचं, त्याला कुलूप होतं. बाबांनी चौकीदारी केली, हातगाडी लावून पाहिली, पण कुठेच जम बसला नाही. घर आईच्या भट्टीवर चालायचं, आणि माझं कॉलेजही. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

पण त्या भट्टीने आईची छाती धरली. खाली कोळशाचा धूर, वर पत्र्याचं छत. बोलता बोलता उबळ आली की ती भिंत धरून उभी राहायची. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "माताजी, धुएँ से दूर रहो." बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "दूर राहू? मग पुऱ्या काय काठीने तळू?"

मी तेव्हा फ्रीगंजमध्ये एका कॉम्प्युटरच्या दुकानात टायपिंग करत होते. माझा पगार घरभाडं आणि विजेच्या बिलापर्यंत पोचायचा आणि तिथेच दम सोडायचा. आईला त्या धुरातून बाहेर काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. कसं, ते काही माहीत नव्हतं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. मालक घरी जेवायला जाताना सांगून जायचे, "इंटरनेट चला ले, प्रिंटर को हाथ मत लगाना." अशाच एका दुपारी मला माहीत पडलं की कुणीही फुकटात आपलं पान उघडून त्यावर लिहू शकतं आणि त्याला ब्लॉग म्हणतात. मी उघडलं. पण लिहायचं काय? कविता मला येत नव्हत्या. मतं पुष्कळ होती, पण ती ऐकायला फुरसत कुणाला?

मला एकच गोष्ट नीट येत होती. शाळेच्या सुट्टीत मी आईबरोबर धर्मशाळेत वाढायला जायचे, तिथे मंडळी रोज तेच विचारायची. देवास गेटच्या बस स्टँडला उतरलो तर घाटावर कसं जायचं? रिक्षावाला किती मागेल आणि आपण किती द्यायचे? पूजेचं सामान बरोबर आणायचं की गुरुजी देतात? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना कुठून उतरवायचं? आई पुऱ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची. मी तेच लिहिलं, ती सांगायची त्याच शब्दांत.

पहिला लेख चढवला आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिला, तर नुसते चौकोन. एकाखाली एक, ओळीने चौकोन. त्या मशीनमध्ये मराठी अक्षरंच नव्हती. मला वाटलं, जगभर माझा लेख असाच दिसत असणार.

पानाच्या तळाशी मी एक आकडा लावला होता. किती जण येऊन गेले, ते तो सांगायचा. बरेच दिवस येऊन जाणारी मीच होते. मग एकदा तो माझ्याशिवाय हलला. लेखाखाली नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "वडील फार थकलेत. त्यांना घेऊन यायची इच्छा आहे. त्यांना बसून पाणी हातात घेता येईल अशी जागा आहे का?" मी संध्याकाळी घरी आईला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं. त्यांचा निरोप आला, "ताई, तिकिटं काढली."

मी खुर्चीवरून उठले आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. बाहेर फ्रीगंज रोजच्यासारखं चाललं होतं, केळीवाला ओरडत होता, कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं. आणि तिकडे नाशिकमध्ये माझ्या आईच्या शब्दावर भरवसा ठेवून कुणी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना गाडीत बसवणार होतं. ना ओळख, ना पाळख.

त्यानंतर मी प्रत्येक प्रश्नाचा वेगळा लेख करू लागले. लोक जसं विचारतात, तसंच शीर्षक द्यायचं. 'उज्जैन: एक दिव्य अनुभूती' असं लिहिलं तर कुणी येत नाही. 'उज्जैनला रात्री उतरलो तर राहायचं कुठे' असं लिहिलं की येतात. विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, आणि माहीत नसेल तर जाऊन बघून यायचं. भर उन्हात घाटावर जाऊन मी पायऱ्या चढून-उतरून पाहिल्या आहेत. तिथले एक गुरुजी म्हणाले, "क्या बहनजी, मन्नत मानी है क्या?"

पुण्याच्या एका वाचकाने लिहिलं, "माहिती उत्तम. पण ही कुठली मराठी? सब्जी काय, फुरसत काय! जरा शुद्ध लिहावे." मी उत्तर दिलं, "काका, आमचे पूर्वज सरदारांच्या मागे इकडे आले ते इकडचेच झाले. इतक्या पिढ्यांनंतर जेवढी उरली आहे तेवढी लिहिते." त्याखाली जी झुंबड उडाली! इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याची माणसं धावून आली. "आमच्याकडेही सब्जीच म्हणतात!" परदेशातून एकाने लिहिलं, "माझी आजी असंच बोलायची. तिच्यानंतर आज ऐकलं." पुण्याचे काकाही येतच राहिले. पुढे तेच माझ्या लेखांतल्या टायपिंगच्या चुका दाखवून द्यायचे.

एक दिवस आई धर्मशाळेतून आली ती चपला न काढता उंबऱ्यातच बसली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"आज एका आजोबांनी मला माझंच बोलणं वाचून दाखवलं."

"म्हणजे?"

"पंगतीत बसले होते. खिशातून कागद काढला, छापलेला. म्हणाले, 'बाई, यात लिहिलंय तसं इथे ताक मिळतं का?' आणि वाचायला लागले. अहो, शब्द न शब्द माझा! मी म्हटलं, हे माझ्या पोरीने लिहिलंय. तर सगळी पंगत उठून उभी राहिली. माझ्यासमोर. आणि माझ्या हातात झारा!"

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत बसली होती.

त्याच सुमारास मला जाहिरातींचं कळलं. एका परदेशी कंपनीच्या जाहिराती पानाच्या कडेला लागायच्या. वाचणाऱ्याने एखादी उघडून पाहिली की माझ्या नावावर थोडे पैसे जमा. ठरलेली रक्कम झाली की चेक घरी. जेवताना मी हे समजावून सांगितलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "कुणीही दाबलं तरी पैसे?"

"कुणीही," मी म्हटलं.

नंतरच्या आठवड्यांत जमा होणारा पैसा असा चढला की माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मला वाटलं, सगळा महाराष्ट्र लोटला आहे. मी आईला म्हटलं, "धर्मशाळेच्या मॅनेजरला सांगून टाक, दिवाळीनंतर येणार नाही म्हणून." आई दोन दिवस हो-नाही करत राहिली. मग तिने सांगितलं.

चेक यायच्या आधी मेल आला. खातं बंद. एकाच शहरातल्या त्याच त्या कॉम्प्युटरांवरून जाहिराती पुन्हा पुन्हा उघडल्या गेल्या आहेत, हे नियमात बसत नाही, म्हणून जमा झालेलं सगळं जाहिरात देणाऱ्यांना परत.

घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "बंद कसं होईल? सकाळची शिफ्ट तर आजही जाऊन आली."

"कसली शिफ्ट?"

मग उलगडलं. देवास गेटच्या चहाच्या टपरीवर बाबांच्या मिलमधले जुने सोबती बसायचे. बाबा कधीकाळी युनियनचं काम करायचे, माणसं जमवणं त्यांच्या अंगातच होतं. त्यांनी शिफ्ट लावल्या होत्या. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. सायबर कॅफेत जायचं, माझं पान उघडायचं आणि कडेच्या सगळ्या जाहिराती दाबून यायचं. ज्यांना दिसत नव्हतं त्यांचा हात धरून दाबायला लावायचे.

"आणि कॅफेचे पैसे, बाबा?"

"वर्गणी," बाबा म्हणाले. "सगळ्यांनी दिली. कुणी नाही म्हटलं नाही."

मी रागावणार होते. तोंड उघडलंही. पण ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली. मिल सुटल्यापासून ज्यांना कुणी कामाला बोलावलं नव्हतं, ते माझ्यासाठी वेळेवर शिफ्टला जात होते आणि वर खिशातले पैसे भरत होते. एवढं कुणी आपल्यासाठी करतं, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

बाबांचा चेहरा उतरला होता. "बेटा, मिलमध्ये सगळ्यांनी मिळून जोर लावला की मालक झुकायचा."

"इथे मालकाने कुलूप लावलं, बाबा."

आई हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला सांगितलं, "ते दिवाळीनंतरचं राहू द्या." तो म्हणाला, "मुझे तो पता था, बाई." हे तिने घरी येऊन सांगितलं.

मी सगळं ब्लॉगवर लिहून काढलं. शिफ्टसकट. इतका वाचला गेलेला लेख मी त्याआधी लिहिला नव्हता. लोक हसले, लोकांनी आपापल्या बाबांच्या गोष्टी सांगितल्या. काहींनी विचारलं, "खाते नंबर द्या, पैसे पाठवतो." मी लिहिलं, "दान नको. उज्जैनला याल तेव्हा भेटा." आणि पुण्याच्या काकांनी लिहिलं, "ताई, जाहिरात परदेशातूनच कशाला हवी? आम्ही जिथे उतरतो ते लॉजवाले तुमच्याच गावात आहेत ना?"

हे मला कसं सुचलं नाही! मी दुसऱ्याच दिवसापासून लॉजच्या पायऱ्या चढायला लागले. कुणी उभं केलं नाही. फ्रीगंजमधला एक मालक निदान बोलला तरी.

"मैडम, इंटरनेट पर कौन देखेगा? मेरे ग्राहक तो स्टेशन से सीधे आते हैं."

"एक महीना मुफ़्त लगाती हूँ," मी म्हटलं. "मेरे पढ़ने वाले काउंटर पर बोलेंगे, 'उज्जैनवाल्या ताईंनी पाठवलं.' नहीं आए तो हटा दूँगी. पर एक बात है. कमरे देखकर लिखूँगी. नल टपकता होगा तो वो भी लिखूँगी."

"वाह! मुफ़्त में बदनामी भी!"

तरी त्याने खोल्या दाखवल्या. चादरी स्वच्छ होत्या, वागणूक चांगली होती. वरच्या मजल्यावरचा नळ खरंच टपकत होता. मी तिन्ही गोष्टी लिहिल्या.

महिना पुरा व्हायच्या आत तो मालक स्कूटरवरून आमच्या गल्लीत हजर. हातात शेवेचा पुडा. आत येऊन बसला आणि आईला म्हणाला, "माताजी, ये 'पाठवलं' क्या होता है? रोज़ कोई न कोई आकर यही बोलता है. मेरा मैनेजर समझा, कोई मंत्र है."

आईने अर्थ सांगितला. तो माझ्याकडे वळला. "दीदी, इतने लोग? आपने इनको देखा भी नहीं?"

"नहीं," मी म्हटलं. आणि ते स्वतःच्या तोंडून ऐकताना मलाच नवल वाटलं. कुठली कुठली माणसं, मुलाबाळांना घेऊन अनोळखी शहरात उतरत होती आणि काउंटरवर जाऊन मी सांगितलेलं एक वाक्य म्हणत होती.

"महीने का बाँध लो," तो म्हणाला. "और वो नल वाली बात हटा दो. ठीक करवा दिया."

"आकर देखूँगी, फिर हटाऊँगी."

"हे भगवान," तो आईला म्हणाला, "ये लड़की तो इंस्पेक्टर है!"

मी गेले, नळ पाहिला आणि मग ते वाक्य काढलं. त्याच्याच तोंडून ऐकून देवास गेटचा एक लॉजवाला आला, मग एक टॅक्सीवाला, मग घाटाजवळचं पूजेच्या सामानाचं दुकान. काहींना मी नाही म्हटलं, कारण त्यांचं सामान मला पटलं नाही. ज्यांना हो म्हटलं, ते दर महिन्याला ठरलेले पैसे देऊ लागले. ही बातमी बाबांनी टपरीवर सांगितली तेव्हा एकाने विचारलं म्हणे, "अब दबाना तो नहीं है ना?"

आईने या वेळी मॅनेजरला लगेच सांगितलं नाही. पैसे नियमाने येताहेत, हे तिने काही महिने नुसतं बघितलं. मग होळी झाल्यावर एका सकाळी ती धर्मशाळेत गेली, निरोप घेतला आणि ऊन चढायच्या आत घरी परत आली.

त्यानंतर आई पैशासाठी कुणाच्या भट्टीशी उभी राहिली नाही. आमचं घर माझ्या लिहिण्यावर चालू लागलं.