बोटाला कळणारं शून्य

माझी बायको उमरेडची. वडील विणकर, घरामागून छोटी रेल्वे जायची, आणि त्याच गाडीने ती नागपूरला चित्रकला शिकायला यायची. पुढे ती इथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवू लागली. ती छोटी गाडी बंद झाली, रूळ उखडले, तेव्हा तिने आमच्या मागच्या खोलीत प्लायवूडवर तीच लाइन उभी करायला घेतली. बोटभर रुंदीचे रूळ, स्टेशन, पूल, आणि रुळालगत तिच्या वडिलांचं घर. घरात माग, मागावर नखाएवढा माणूस.

दोन इंजिनं होती, पण साध्या रेग्युलेटरवर चालणारी. रुळात करंट सोडला की दोन्ही एकदम सुटायची. तिला स्टेशनात एक गाडी थांबवून दुसरी बाजूच्या रुळावरून काढायची होती. त्यासाठी डिजिटल कंट्रोल लागतो. प्रत्येक इंजिनात एक चिप बसते, प्रत्येकाला आपला नंबर असतो, आणि ज्याचा नंबर लावाल तेवढंच हलतं.

आम्ही तो घ्यायचं ठरवलं तोवर शुगरने तिचा उजवा डोळा गेला होता. डावा अधू होता. पुण्याच्या एका दुकानदाराशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, मोबाइलवर चालणारा घ्या, वायरची कटकट नाही. तिने माझा मोबाइल हातात घेतला, डोळे मिटले, काचेवर बोट फिरवलं आणि परत दिला.

"हे सगळं गुळगुळीत आहे. मले काय समजन कुठं काय आहे ते?"

दुसरा होता हातात धरायचा, पण त्याचं बटण गोल गोल फिरतच राहायचं, आकडे पडद्यावर दिसायचे. तोही नको म्हणाली. मग तिने मला भिंतीवरच्या पंख्याच्या रेग्युलेटरपाशी नेलं आणि तो डावीकडे पूर्ण फिरवून अडवला.

"असा पाहिजे. शून्य कुठं आहे ते बोटाले समजलं पाहिजे."

"काहून वं, अजून दिसते ना तुले?"

"आज दिसून राहिलं. घ्यायचं ते उद्याचं पाहून घ्या."

दुकानदाराने शोधून शोधून तसा एक डबा काढला. टेबलावर पक्का बसणारा, जाड बटणाचा, दोन्ही टोकांना अडणारा. इंजिनात आवाजाच्या चिपा घालायच्या हेही तिनेच ठरवलं. गाडी कुठे आहे ते कानाने कळावं म्हणून.

पार्सल यायच्या आधीच ती सकाळ आली. मी ओट्यावर चहा गाळत होतो. खिडकीतून ऊन थेट तिच्या अंगावर पडलं होतं.

"अहो, लाइट गेली का?" तिने विचारलं.

मी गाळणी खाली ठेवली. तिने पुन्हा विचारलं, मग स्वतःच डोळ्यासमोर हात हलवून पाहिला. डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं होतं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डॉक्टर हळू आवाजात बोलले. दिसलं मात्र काही नाही.

पार्सल आलं, तेव्हा कंट्रोलचा डबा मी जोडला. चिपा एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बसवल्या. एका इंजिनात स्पीकर मावेना, म्हणून तो मागच्या डब्यात टाकला. पहिल्यांदा हॉर्न वाजला आणि ती खळखळून हसली.

"हॉर्न डब्यातून येऊन राहिला! ड्रायव्हर मागं बसला का?"

कितीतरी दिवसांनी हसली होती. त्या दुपारी तिने नुसत्या कानावर एक गाडी स्टेशनात थांबवली आणि दुसरी शेजारून काढली. इतकी वर्षं मनात होतं, ते झालं. मी टाळ्या वाजवल्या.

नंतर वळणावर एक डबा रुळावरून उतरला. मी "थांब" म्हणेपर्यंत तिचा हात तिथे पोचला होता. काडकन आवाज आला. तिने तळहातावर तुकडा घेऊन चाचपला.

"हे काय तुटलं?"

"बाबांचं घर."

"माग?"

"तोही."

तिने बटण डावीकडे अडेपर्यंत फिरवलं आणि भिंतीला धरून बाहेर गेली. मी घर चिकटवलं, पण माझ्या हाताला तिची सफाई कुठून येणार? ती पुन्हा त्या खोलीत आली नाही. मी एकट्याने गाडी चालवली तर बाहेरून म्हणायची, "राहू द्या ना ते."

या उन्हाळ्यात तिनेच सांगितलं, शाळेला देऊन टाका. प्लायवूडचं ते टेबल दारातून निघेना. सुतार म्हणाला, कापावं लागेल. कापायचं ऐकून ती दारात आली.

"कुठून कापून राहिले?"

"पुलापासून," मी म्हणालो.

"पूल नका तोडू. स्टेशनच्या अलीकडं एक हात मोकळं रान आहे, तिथून कापा. खाली करवतीले आडवी पट्टी नाही लागणार."

सुताराने वाकून पाहिलं. खरंच पट्टी नव्हती. तिने प्लायवूडवर हात टेकला आणि करवत चालू असेपर्यंत उचलला नाही. अंगावर भुसा उडत होता. मी तिला बाजूला घ्यायला गेलो, तर म्हणाली, "असू द्या."

टेंपो गेल्यावर ती रिकाम्या खोलीत हात पुढे करून चालत निघाली. वाटेत काहीच लागलं नाही. समोरच्या भिंतीला हात टेकला तेव्हा ती थांबली.

"एवढी मोठी खोली आहे ही?"

मी "हो" म्हणालो. माझा आवाज जिकडून आला तिकडे वळून ती म्हणाली, "रडू नका. चला, पलंग इकडं घेऊ. इकडं हवा येते."

आम्ही पलंग आणला. आता दुपारी ती तिथे भिंतीकडे तोंड करून झोपते. झोप लागत नाही तिला, हे मला कळतं. मी शेजारी बसून राहतो.