विधवेच्या विहिरीचा न्यायनिवाडा

आमच्या आळीत बायबलवाचनाचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. समन्स बजावणे, जप्ती करणे, ताबा मिळवून देणे, ही माझी कामे. ज्या दारी गेलो तेथे मला कोणी बसा म्हटले नाही. त्याची तक्रार नाही. नोकरीच तशी होती. सांगण्याचा हेतू इतकाच की कायद्याचे पुस्तक हाती आलेला माणूस कसा वागतो, ते मी आयुष्यभर पाहिले होते. शास्त्र हाती आलेला माणूस त्याहून वाईट वागतो, हे निवृत्तीनंतर पाहिले.

वर्गाचा प्रमुख आमच्याच आळीतला. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तो केरळात एका रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनाशिबिराला, गेला. गेला तेव्हा वेलची केळ्यांच्या भावावर बोलत होता. परतला तो 'प्रेज द लॉर्ड' म्हणत. दर शुक्रवारी संध्याकाळी एकेका घरी वर्ग भरू लागला. उतारा वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचे, आणि मग हे वचन माझ्याशी काय बोलते ते प्रत्येकाने सांगायचे, अशी रीत. प्रत्यक्षात वचन कोणाशीही त्याच्याविषयी बोलत नसे. ते नेहमी शेजाऱ्याविषयी बोलत असे. कुसळ आणि मुसळाचा उतारा झाला तेव्हा मुसळ नेमके कोणाच्या डोळ्यात आहे यावर चहा गार होईपर्यंत चर्चा चालली. उधळ्या पुत्राच्या दिवशी आळीतल्या एका दारुड्याचा उद्धार झाला. तो वर्गाला नव्हता, त्यामुळे सर्वांना मोकळेपणाने बोलता आले.

मी जात असे, कारण पत्नी जात असे. ती भाविक होती. मी भिंतीला टेकून बसत असे.

आमच्या घरापलीकडे एका विधवेची वाडी होती. केळी, थोडी पानवेल, कडेला मोगरा. नवरा होता तोवर होळी नाक्यावरच्या बाजारात तिची भाजी जात असे. तो गेल्यावर वाडी तिच्याने आवरेना. पदरी एकच मुलगी. त्या सुमारास आमच्याकडे चहूबाजूंनी इमारती उठल्या आणि त्यांना पाणी नव्हते. टँकरवाले वाडी-वाडीत हिंडत होते. त्यांतल्या एकाला तिने आपली विहीर दिली. सकाळ-संध्याकाळ पंप चालू लागला. उन्हाळा लागताच आजूबाजूच्या विहिरी खाली गेल्या, आणि आमच्या विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले. समुद्र जवळ आहे. गोडे पाणी उपसले की त्याच्या जागी खारे येते, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

तिने केले ते चूक होते. ते मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. माझा राग तिची चूक काढली म्हणून नाही. ज्यांनी न्याय केला त्यांच्यावर आहे.

एका शुक्रवारी प्रमुखाने मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढला. भावाने अपराध केला तर काय करावे, त्याची तेथे पायरीपायरीने सांगितलेली पद्धत आहे. प्रथम एकट्याने जाऊन त्याला सांगावे. ऐकले नाही तर दोघा-तिघांना साक्षीला न्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे मांडावे. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका समजावे, त्या काळी बदनाम असलेला जकातदार समजावे. प्रमुखाने हे वाचले, डोळे मिटले, आणि उघडले ते विधवेच्या वाडीच्या दिशेने.

"पहिली पायरी आपण प्रार्थनेत पार पाडली आहे," तो म्हणाला. "आता साक्षीदार न्यायचे. काका, तुम्ही चला. तुम्हाला कोर्टाची सवय आहे."

"तिला जाऊन कोण बोलले?" मी विचारले.

"प्रार्थनेत, काका. महिनाभर तिच्यासाठी मध्यस्थी चालली आहे."

"समन्स देवाला बजावले आणि हजर तिने व्हायचे?"

दोघे-तिघे हसले. प्रमुख हसला नाही. पत्नीने मला कोपराने ढोसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा तिच्याकडे गेलो. ती पंपाजवळ उभी होती. टँकरचा पाइप विहिरीपासून रस्त्यापर्यंत पडला होता. मी तिला सांगितले: तुझ्या पंपाने शेजारच्या विहिरी मचूळ होत आहेत, तुझीही होईल, बंद कर. तिने पंप थांबवला आणि मला ओट्यावर बसवले.

"काका, तुमी पयले आलात," ती म्हणाली. "बाकी सगळे पाइपाकडे बघून जातात. माझ्याकडे कोन बघत नाय."

"मी बघायला आलेलो नाही. सांगायला आलो आहे."

"मे महिन्यात पोरीचं लगीन हाय. ते झालं का बंद करते. येशूची आन."

"पाणी लग्नाची वाट पाहत नाही."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. मग पाइपाकडे बोट करून: "टँकर कुठं खाली होतो, ते कुनी बघितलं का? प्रमुखाच्या जमिनीवरच्या बिल्डिंगीत."

मी जाऊन पाहिले. खरे होते. रस्त्याला लागून असलेली केळीची पट्टी प्रमुखाने बिल्डरला दिली होती. तेथे चार मजले उभे होते. त्यांतल्या काही खोल्या त्याने स्वतःकडे ठेवून नोकरदारांना भाड्याने दिल्या होत्या, आणि इमारतीच्या टाकीत सकाळ-संध्याकाळ विधवेची विहीर रिकामी होत होती. मी त्याला तसे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "काका, बिल्डिंग माझी नाही. फक्त जमीन माझी होती."

मी न्यायालयात पुष्कळ बचाव ऐकले. इतका निर्लज्ज क्वचितच ऐकला.

ठरल्याप्रमाणे साक्षीदारांची दुसरी पायरी झाली. पाच-सहा जण गिटार घेऊन विहिरीवर गेले आणि तेथे उभे राहून त्यांनी पश्चात्तापाचे गीत म्हटले. विधवेने चहा ठेवला. कोणी घेतला नाही. परतल्यावर प्रमुखाने वर्गात सांगितले की तिचे हृदय कठीण झाले आहे. तिसऱ्या पायरीसाठी ते धर्मगुरूंकडे गेले. फादर नवीन होते आणि त्यांना चर्चचे छप्पर दुरुस्त करून घ्यायचे होते. कोणालाही दुखवणे त्यांना परवडणारे नव्हते. "प्रेमाने घ्या," एवढे ते म्हणाले. प्रमुखाने याचा अर्थ मंजुरी असा घेतला.

पुढच्या शुक्रवारी निकाल झाला. तिच्याकडे कोणी जायचे नाही, तिला बोलवायचे नाही. लग्नाच्या मिस्साला चर्चमध्ये बसायला हरकत नाही, कारण मिस्सा देवाचा. पण घरी जायचे नाही आणि आदल्या संध्याकाळी पाण्याला जायचे नाही.

यातले शेवटचे वाक्य बाहेरच्या माणसाला समजणार नाही. आमच्या आळीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या घरच्या विहिरीचे पाणी वाजतगाजत आणतात. पुढे बँड, मागे कळश्या घेतलेल्या बायका. त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. हे पाणी घरच्यांनी ओढायचे नसते. ते आळीने ओढायचे असते. मुलगी आपल्या सर्वांची आहे, असे म्हणण्याची ती रीत. आळी आली नाही तर पाणी येत नाही. मग ती मुलगी कोणाचीच नव्हती, हे वराकडच्यांना उभ्या मांडवात दिसते. शिक्षा विहिरीची होती. ती बसणार होती मुलीला, जिने पंपाला कधी हात लावला नव्हता.

"एक विचारू?" मी म्हणालो. भिंतीला टेकूनच.

"विचारा, काका."

"जकातदारासारखे समजा, असे लिहिले आहे. येशू जकातदारांशी कसा वागत असे?"

प्रमुख बायबलची पाने उलटू लागला.

"त्यांच्या घरी जेवत असे," मी म्हणालो. "लोक नावे ठेवत, तरी जेवत असे. आणि ज्याच्या नावाच्या शुभवर्तमानातून तुम्ही हा निकाल वाचता, तो मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला माणूस. तुम्ही ज्याला शेवटची पायरी म्हणता, तेथून त्याचे काम सुरू होते."

प्रमुखाने माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावे तसे पाहिले. "काका," तो म्हणाला, "तो येशू होता."

"मग इथे दर शुक्रवारी आपण कोणाचे अनुयायी म्हणून जमतो?"

त्याने गिटारवाल्याला खूण केली. गीत सुरू झाले.

घरी येताना पत्नी माझ्यापुढे दहा पावले चालली. चुलीशी, रांधपाच्या वेळी म्हणाली, "तुमी सगळ्यांसमोर त्याचा पानउतारा केलात."

"तू पाण्याला जाणार आहेस?"

"वर्गानं ठरवलंय. मी एकटी कशी जाऊ?"

"बरे," मी म्हणालो. मी तिला पुन्हा विचारले नाही. माणसाला हाताला धरून सदाचाराकडे नेता येत नाही. ओढत नेलेला माणूस सुटताच परत येतो. हेही मी जप्तीच्या कामात शिकलो होतो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वच्छ सदरा घातला आणि विधवेच्या मांडवात गेलो. बँडवाले आले होते, खुर्च्यांवर बसून पाय हलवत होते. पापडी गावाहून आलेले तिचे दोन-चार नातेवाईक एका कोपऱ्यात. बाकी मांडव रिकामा. मुलगी आत जुन्या साडीत न्हाण्यासाठी बसली होती आणि उंबऱ्याशी घासलेल्या कळश्या ओळीने पालथ्या ठेवल्या होत्या.

"काका, बसा," विधवा म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"वाढ," मी म्हणालो.

"अजून पानी आलं नाय. त्याआधी कसं वाढू?"

"मला पाण्याशी कर्तव्य नाही. मी तुझ्याकडे जेवायला आलो आहे. रस्त्याकडे तोंड करून पान मांड."

तिने मांडले. मटण होते, तळलेल्या पिठाचे फुगे होते. मी रस्त्याकडे तोंड करून, सावकाश, जेवू लागलो. रस्त्यावरून जाणारे येणारे पाहत होते. सायकलवरचा एक जण उतरून उभाच राहिला. "काका, तुम्ही?" म्हणाला. "दिसत नाही का?" मी म्हणालो. तो पुन्हा सायकलवर बसला आणि जोरात निघाला. बातमी न्यायला आमच्या आळीत माणूस कमी पडत नाही.

माझा दुसरा फुगा संपायच्या आत पत्नी आली. अंगावर चर्चला नेसायची साडी, काखेत आमची कळशी.

"लाज नाय वाटत?" ती मांडवाच्या तोंडाशीच कडाडली. "पोरगी आत कोरडी बसलीय, न हे इथं गिळतायत!"

"पाणी ओढणे बायकांचे काम आहे," मी म्हणालो. "माझे जेवणाचे होते. ते मी करतो आहे."

"तुमचा जकातदार घाला विहिरीत. सरका बाजूला." मग बँडवाल्यांकडे वळून, "तुमी काय मयताला आलाय? वाजवा!"

ते दचकून उठले आणि वाजवू लागले. क्लॅरिनेटचा आवाज आळीत गेला तशी दारे उघडली. एक बाई आली, मग तिची जाऊ, मग तिघी एकदम. शुक्रवारी हात वर करून आमेन म्हटलेल्याच त्या. शास्त्राने आले नव्हते ते बँडने आले. कोणाला धर्म आठवला म्हणून आल्या असे मी समजत नाही. आपल्याशिवाय पाणी निघाले तर उद्या आपल्याला कोण विचारील, या भीतीने आल्या. तरी आल्या. न येण्यापेक्षा ते बरे.

पत्नीने कप्पीवरून दोर सोडला आणि पहिली कळशी ओढली. रीतीप्रमाणे ओंजळीत घेऊन तोंडाला लावली. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिने घोट गिळला आणि कळशी मागच्या बाईकडे दिली. तिनेही चव घेतली. एकेक कळशी निघाली, एकेकीने तोंडाला लावली, आणि कोणीही काही बोलले नाही. विधवा पायरीवर उभी राहून त्यांचे चेहरे पाहत होती. पाणी मचूळ झाले आहे, हे तिला कोणाला सांगावे लागले नाही.

"चला," पत्नी म्हणाली, "पोरगी वाट बघते."

मुलीला त्या पाण्याने न्हाऊ घातले. साबणाला फेस आला नाही, असे पत्नीने घरी आल्यावर सांगितले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या गायकांत प्रमुख सर्वांत पुढे होता. दुपारी जेवायलाही आला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. "काका, मीही विचार केला," तो म्हणाला. "येशूसुद्धा जकातदारांकडे जेवलाच ना." त्याने दोनदा वाढून घेतले. पान संपत आल्यावर तो माझ्याकडे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सकाळी बिल्डिंगला टँकर आला नाही. हिने पंप काढून ठेवलाय म्हणे. भाडेकरू ओरडताहेत. तुम्ही तिला जरा सांगा ना. तुमचं ऐकते ती."

मी हात धुवायला उठलो.

शुक्रवारी त्याने वर्गात साक्ष दिली की समूहाच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेने विधवेचा पंप बंद झाला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पत्नीने वाजवल्या नाहीत. ती खिडकीबाहेर पाहत होती. खिडकीबाहेर रस्त्याने टँकर चालला होता, भरलेला, मागे पाणी सांडत, इमारतीच्या दिशेने. तो आता पलीकडच्या आळीतून येऊ लागला होता. त्या आळीतले कोणी आमच्या वर्गाला येत नव्हते. त्या आळीच्या विहिरींसाठी कोणाला उतारा सापडला नाही.