पळून न गेलेली मुलगी

नोकरीत शेकडो प्रकरणं हाताळली. बहुतेकांची आता फक्त कलमं आठवतात. ही एक सकाळ मात्र मला तासातासाने सांगता येते.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी बोरीवली भागात सब-इन्स्पेक्टर होतो. हजेरी संपली होती, मी ठाणे डायरीवर सह्या करत होतो. सव्वादहाला कारखान्यात फिटर असलेले एक गृहस्थ धापा टाकत आत आले.

"साहेब, माझी पोरगी पळवली. सोळा वर्षांची आहे. समोरच्या बिल्डिंगमधल्या पोराने नेली."

"कशावरून?"

"त्यानेच, साहेब. दुसरं कोण?"

अल्पवयीन मुलगी आणि पळवून नेल्याचा आरोप, म्हणजे थांबायला वेळ नव्हता. फिर्याद सविस्तर नंतर घेऊ म्हटलं आणि जीप काढली. माझ्याबरोबर एक जुने हवालदार होते, मूळचे कुडाळकडचे.

पळवणारा पोरगा टायपिंगच्या क्लासात सापडला, मशीनसमोर. त्याला ठाण्यात आणलं. मी चढ्या आवाजात प्रश्न विचारले आणि त्याला घाम फुटला. हवालदार त्याला न्याहाळून माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, ह्यो कोणाक पळवतलो? ह्येका एकट्याक बस पकडूक जमाची नाय."

मलाही तसंच वाटत होतं. तरी विचारलं, "शेवटचं कधी बोललास तिच्याशी?"

"परवा. त्याआधी महिनाभर नाही. ती कुणाशीच बोलत नव्हती, साहेब. परवा माझं पुस्तक परत द्यायला आली. सॉरी म्हणाली. मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणाली, सगळ्याबद्दल. माझ्या बहिणीला तिने रंगपेटी देऊन टाकली. कोणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही ती त्या पेटीला."

माझा पेन थांबला. खिशातल्या डायरीत माझी दोन रकाने पाडायची सवय होती: काय कळलं, काय कळायचं आहे. डाव्या रकान्यात लिहिलं, 'वस्तू वाटून टाकल्या.' उजव्या रकान्यात लिहिलं, 'घरून काय नेलं?'

पोराला सोडलं आणि आम्ही तिच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली. पळून जाणारी मुलगी कपडे नेते, चार पैसे नेते, निदान कंगवा नेते. इथे सगळं जागच्या जागी होतं. कपडे घडी घालून ठेवलेले. घड्याळसुद्धा काढून ठेवलेलं.

आई स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती. मी तिला काही विचारलं की दारातून वडीलच उत्तर द्यायचे. मी हवालदारांना खूण केली. मुलीचा फोटो मिळतो का बघायला ते वडिलांना शेजाऱ्यांकडे घेऊन गेले.

"ताई, मुलगी जेवत होती का नीट?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"झोप?"

"रात्रभर टक्क जागी असते." ती खाली बसली. "दोन महिने झाले. आम्ही म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन असेल."

मग तिने तांदळाच्या डब्याखालून एक चिठ्ठी काढली. चार ओळी. त्या मी इथे लिहिणार नाही. वाचून मी घड्याळ पाहिलं. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. चिठ्ठी त्यांना सकाळी सातला सापडली होती, असं आई म्हणाली.

"ही आधी का नाही दिलीत?"

"तुम्ही तिच्यावरच केस कराल ना, साहेब? ह्यांना चौकीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याने सांगितलं. जीव द्यायला जाणं गुन्हा आहे, पोरगी आत जाईल. आणि नुसतं हरवली म्हणालात तर कागद पडून राहील. पळवली म्हणा, पोलीस धावतील."

राग आला, पण कोणावर काढणार? त्या माणसाने सांगितलेलं अर्धं खरं होतं. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच होता, आणि 'हरवले'चे कागद आमच्याकडे पडून राहायचे.

"ती अजून काही करून बसली नसेल, तर कसलाही गुन्हा नाही. विचार करणं हा गुन्हा नाही. आता सांगा, तिला बरं कुठे वाटायचं?"

आई गोंधळली. "म्हणजे?"

"कुठे गेली की शांत असायची?"

"जोगेश्वरीला. माझं माहेर गुंफेला लागूनच आहे. तिकडे राहायला गेली की माझे वडील तिला रोज गुंफेतल्या देवीला न्यायचे. ते फाल्गुनात गेले."

मी खाली वाण्याच्या दुकानातून ठाण्यात फोन केला. कंट्रोलला वायरलेस द्या, जोगेश्वरीच्या ठाण्याला सांगा: वर्णन असं असं, साध्या कपड्यातला एकच माणूस पाठवा, मुलगी दिसली तर नजर ठेवा, हटकू नका. मुलगी परतली तर कोणी हवं म्हणून वडिलांना घरी थांबवलं, आई आणि हवालदारांना जीपमध्ये घेतलं आणि हायवेला लागलो. ड्रायव्हरला काही सांगावं लागलं नाही.

वाटेत आईला बजावलं. "ओरडायचं नाही. का केलंस, विचारायचं नाही. लोक काय म्हणतील, हे तोंडातून काढायचं नाही."

"मग बोलू काय?"

"भूक लागली का, विचारा."

गुंफेच्या पायऱ्यांशी फुलं विकणारी बाई होती. म्हणाली, "सकाळपासनं बसलीय बघा एक पोरगी, खांबाला टेकून. परसाद दिला तर घेतला नाय." बाजूला साध्या कपड्यातला जोगेश्वरीचा शिपाई उभा होता. त्याने 'तीच' अशी मान हलवली.

मी टोपी जीपमध्ये ठेवली. आईला पुढे पाठवलं.

आई तिच्याशेजारी बसली. "भूक लागली का गं?"

मुलीने वर पाहिलं. "तू आज कामावर नाही गेलीस?"

"नाही गेले."

एवढंच. मग दोघी रडल्या. मी थोड्या वेळाने जवळ गेलो.

"मला पकडणार?" तिने विचारलं.

"देवळात बसल्याबद्दल?" मी समोर बसलो आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार होता?"

हवालदारांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मुलगी मात्र दचकली नाही. उलट तिचे खांदे सैल पडले. तिने होकारार्थी मान हलवली.

"अजून आहे?"

"माहीत नाही."

"ठीक आहे. माहीत होईपर्यंत तुला एकटं सोडायचं नाही."

तिथून थेट महापालिकेच्या रुग्णालयात, मानसोपचाराच्या विभागात. निरोप मिळाल्यावर वडील मागाहून पोचले आणि पाटी वाचून दारातच अडले.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? उद्या हिच्याशी लग्न कोण करेल?"

"उद्या ती असली पाहिजे, त्याचं बघू आधी," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी तासभर मुलीशी बोलून सांगितलं: हा आजार आहे, नाटक नाही. औषधाला काही आठवडे लागतील. तोवर कोणीतरी सतत जवळ हवं. चिठ्ठी मी त्यांच्या हवाली केली. आमच्या रजिस्टरात एवढंच लिहिलं: 'मिळून आली. आईच्या ताब्यात दिली.'

सतत जवळ म्हणजे किती माणसं? ठाण्याचा ड्यूटी चार्ट आखायचो, तसाच त्यांच्या घरी बसून आखला. सकाळी आई, रात्री वडील, दुपारी खालच्या मजल्यावरची मावशी. संध्याकाळ रिकामी राहिली. दारात टायपिंगवाला पोरगा बहिणीला घेऊन उभा होता. रंगपेटी परत आणली होती.

"आमची नावं टाका ना. कॅरम आणतो."

वडिलांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "लिहा साहेब. आणि तू माफ कर रे मला."

सगळं सुरळीत झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने गोळ्या घेणं थांबवलं. पुन्हा रुग्णालय, पुन्हा नवा चार्ट. मावशी कंटाळल्या, कॅरमवाल्यांची परीक्षा आली, वडिलांना कारखान्यात रात्रपाळी लागली, ती त्यांनी बदलून घेतली. पण एकही रकाना रिकामा गेला नाही.

या प्रकरणाने माझा पहिला प्रश्न बदलला. कोणी हरवल्याचं सांगत आलं की आम्ही आधी विचारायचो, 'कोणाबरोबर?' त्यानंतर मी विचारू लागलो, जेवत होती का, झोपत होती का, काही वाटून टाकलं का. दारातून दुसरं कोणी उत्तर देऊ लागलं, तर आधी त्याला बाहेर पाठवायचो. हाताखालच्या पोरांनाही हेच शिकवलं. आणि 'हरवले'चा कागद माझ्या टेबलावर दुपारपर्यंतसुद्धा पडून राहू दिला नाही. नुसतं हरवली म्हटलं तरी पोलीस धावतात हे लोकांना दिसलं, तर खोटं सांगायची पाळीच येत नाही.

दिवाळीच्या सुमारास तिची आई लगबगीने ठाण्यात आली. मी खुर्चीतून उठलोच.

"काय झालं?"

"भांडली, साहेब. आमटी खारट झाली म्हणून सकाळी माझ्याशी कडकडून भांडली. आणि मग सगळी संपवली."

बाई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. हवालदारांनी तिच्यासाठी चहा सांगितला.