पेंटरकाकांचा उजवा हात

१९९८ साली रत्नागिरीच्या बाजारपेठेत मी एसटीडी बूथ सुरू केला, तेव्हा शेजारी पेंटरकाकांचं दुकान होतं. मध्ये नुसतं प्लायवूड. त्यांचं खोकणं आणि टर्पेंटाइनचा वास दिवसभर माझ्याकडे यायचा. माझी पाटीही त्यांनीच रंगवली, पट्टी न लावता. ‘टी’ची वेलांटी ओढताना त्यांनी श्वास रोखला, आणि बघता बघता मीही.

दुकानांच्या पाट्या, पाली गावाकडचे ट्रक, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची नावं, सगळं त्यांच्याकडे यायचं. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्यांनी देवी काढली की खलाशी चपला काढून पुढे यायचे. ब्रशाला टोक आणायला ते तो ओठांत धरून फिरवत.

“काका, रंग खाता की काय?” मी एकदा विचारलं.

“पस्तीस वर्षं खातोय गो बाय. मेलो का?”

पुढच्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. स्टुलावर दोन्ही हातांनी पोट आवळून बसायचे. चहाला पत्र्याची चव लागते म्हणून समोरच्या हॉटेलवाल्याशी भांडायचे. मग एकदा कप हातातून सुटला. दुसऱ्या दिवशी परत सुटला. एका दुपारी गिऱ्हाइकाला नमस्कार करायला त्यांनी हात उचलले, तर उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला, मान टाकलेल्या कोंबडीसारखा. त्यांनी तो झटकन डाव्या हाताखाली दडवला. गिऱ्हाईक आणि मी, दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

बाजारात करणीची कुजबुज सुरू झाली. काकूंनी देवाला कौल लावला. काका एकटेच कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि “नसांची अशक्तता आहे” एवढंच म्हणाले.

पण पाट्या थांबल्या नाहीत. दुकानाचं शटर आता अर्धं खाली असायचं, आणि बाहेर येणाऱ्या पाट्यांवरची अक्षरं सुबकच होती. फक्त ‘र’चं शेपूट पूर्वीपेक्षा गोल वाटायचं. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, भीती वाटायची.

दीडेक वर्षाने, एका दुपारी दाभोळच्या होडीवाल्याचा फोन आला. निरोप द्यायला मी वाकून शटरखालून आत गेले. जमिनीवर काकू बसल्या होत्या, मांडीवर पाटी. काका शेजारी बसून सांगत होते, “आता सोड, सोड, हलक्या हाताने.” काकूंनी मान वर केली. ब्रश त्यांच्या ओठांत होता.

“अहो काका, काकूंच्या तोंडात रंग जातोय!” मी म्हटलं.

“मग काय झालं गो?” काकू हसल्या. “यांचंच बघून शिकले.”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. डाव्या हाताने त्यांनी तो ब्रश ओढून घेतला. मग म्हणाले, “रंगात शिसं असतं. तोंडातून जातं. हात त्यानेच गेला, डॉक्टर म्हणाले.”

“कधी म्हणाले?” काकूंनी विचारलं.

“गेल्या वर्षीच.”

“आणि तुम्ही इतके दिवस माझ्यासमोर बसून होतात?”

“तुझ्या तोंडाकडे लक्षच गेलं नाही गो,” काका म्हणाले. “मी अक्षरं बघत होतो.”

काकूंनी पाटी अर्धी तशीच खाली ठेवली.

काकूंचं रक्त कोल्हापूरला तपासायला दिलं. आठ दिवस काका माझ्या बाकावर येऊन बसले. फोन वाजला की उभे राहायचे आणि गिऱ्हाइकाचा निघाला की बसायचे. अखेर डॉक्टरांचा फोन आला: शिसं थोडं आहे, रंग सोडला तर धोका नाही. ते ऐकून काका रडले. काकू त्यांच्याशी दोन महिने बोलल्या नाहीत.

दुकान उघडलं नाही. काकांच्या पंजात थोडी ताकद आली, पण मूत्रपिंडं निकामी होत गेली होती. २००३च्या पावसाळ्याअखेर ते गेले. तोपर्यंत बाजारात फ्लेक्स आले होते, तरी एखादा जुना होडीवाला काकूंना शोधत यायचा. कुणीतरी त्याला सांगितलेलं असायचं की त्यासुद्धा रंगवतात.

“मला नाही हो येत,” असं काकू इतक्या सहज म्हणायच्या की तो मुकाट्याने परत जायचा.