दाजींची करंगळी आणि काळी बिअर

समस्त नांदेडकर आणि लातूरकरांनो, जिथे असाल तिथे दोन मिनिटं थांबा. डोक्यावर टोपी असेल तर नीट करा, नसेल तर केसांवरून हात फिरवा. मराठवाड्याच्या इतिहासात जिची नोंद व्हायला हवी होती आणि ती करायला माझ्याशिवाय दुसरा कोणी रिकामटेकडा तिथे हजर नव्हता, अशी एक घटना मी पूर्ण जबाबदारीनं जाहीर करतो आहे. आमच्या दाजींनी बिअरला बोट लावलं.

बोट लावलं म्हणालो. प्यायले म्हणालो नाही. हा फरक कृपया ध्यानात ठेवा, कारण माझ्या भाच्याची झोप आणि दाजींच्या कपाळावरचं भस्म, दोन्ही या फरकामुळेच जागेवर आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. लातूरला त्यांचं आडतीचं दुकान आहे. तूर, हरभरा, सोयाबीन, ज्वारी, जे शेतातून येईल ते. सकाळी शिवपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही, सोमवारी कडक उपास, आणि दारूचं वावडं इतकं, की दिवाळीत फटाक्यांनाही त्या घरात कोणी शोभेची दारू म्हणत नाही.

पण दाजींची खरी ओळख देवघरात होत नाही, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, होते. मोंढ्यात माल घेणाऱ्यानं मालाचं कौतुक करायचं नसतं. वा, काय तूर आहे, असं तोंडातून निघालं की विकणारा शहाणा होतो आणि भाव चढतो. म्हणून माल पसंत पडला की दाजी नावं ठेवायला लागतात. ओल आहे, माती आहे, दाणा बारीक आहे, पोत्याला घासलेटचा वास येतो, तुमच्या गावात यंदा पाऊस तरी पडला का. जितकी नावं जास्त, तितका माल मनात भरलेला. आणि नाही भरला तर ते फक्त म्हणतात, ‘बरं हाय’, आणि पुढच्या ढिगाकडे चालू लागतात. जुने शेतकरी हे ‘बरं हाय’ ऐकलं की मुकाट्यानं पोत्याचं तोंड बांधतात.

ही सवय दुकानात राहिली असती तर काही बिघडलं नसतं. ती दाजींच्या चपलेबरोबर घरी आली. आमटी झकास झाली की मीठ जास्त पडलेलं असतं. बेचव झाली की ‘बरं हाय’. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आक्का ‘बरं हाय’ ऐकून खूश व्हायची आणि नावं ठेवली की माहेरी येऊन रडायची. मग सासूनं तिला एकदा बाजूला घेऊन मोंढा समजावून सांगितला, तेव्हा कुठे संसार मार्गी लागला.

मोंढ्याचा आणखी एक नियम सांगतो, तो पुढे लागणार आहे. सोमवारच्या उपासालासुद्धा दाजी तुरीचा दाणा दाताखाली फोडून बघतात. बघतात, थुंकतात, चूळ भरतात. उपास मोडत नाही. माल बघणं म्हणजे खाणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं, आणि महादेवानं आजवर त्याला हरकत घेतलेली नाही.

आता या माणसाचा एकुलता एक मुलगा पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात बिअर बनवतो. नोकरी लागल्याचं त्यानं घरी सांगितलं तेव्हा दाजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘बरं हाय.’ त्याला चार वर्षं झाली. मुलगा काय करतो, असं कोणी विचारलं की दाजी सांगतात, पुण्याला असतो. जणू पुण्याला असणं हाच धंदा. अर्थात, तसं मानणारे लोक पुण्यात आहेतही.

गेल्या थंडीत हा भाचा एका संध्याकाळी नांदेडला माझ्या दारात उभा राहिला. पुण्याहून येताना लातूर आधी लागतं. बापाचं घर ओलांडून पोरगं मामाकडे आलं म्हणजे प्रकरण पोलिसांचं तरी असणार, नाही तर लग्नाचं. दोन्ही नव्हतं. त्यानं पिशवीतून एक स्वेटर काढला, स्वेटरातून दोन बाटल्या काढल्या आणि टेबलावर अशा ठेवल्या जणू तपासायला आणलेली जुळी बाळं.

स्टाउट, तो म्हणाला. काळी बिअर. भाजलेल्या जवाची, नेहमीच्या बिअरपेक्षा दुप्पट कडक. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं स्वतः जुळवलेली. जवाबरोबर त्यानं ज्वारीही भाजून घातली होती, आणि ती ज्वारी म्हणजे आक्का त्याला भाकरीसाठी लातूरहून पाठवते ती. कारखान्याच्या मालकाला ही बिअर आवडली होती आणि पुढच्या महिन्यात ती विकायला निघणार होती. पण त्याआधी आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, एकदा तिची चव बघावी, एवढीच त्याची इच्छा होती.

मी म्हणालो, बाबा रे, तुझा बाप बिअरच्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलतो. नाही बघितली चव तर?

“नाही बघितली तर नाही,” तो म्हणाला. “पण बघून ‘बरं हाय’ म्हणाले तर मी संपलो, मामा. चार वर्षांत आप्पांनी मला एकदाही नावं ठेवली नाहीत.”

दुसऱ्या कोणाच्या घरात हे वाक्य ऐकलं असतं तर मी पेढे मागितले असते. इथे मात्र पोराचे डोळे भरून आले होते.

अशा वेळी मामानं काय करायचं असतं? मामानं बाटली उघडायची असते.

माझं बिअरचं ज्ञान सांगतो. नांदेडच्या बाहेर ढाब्यावर, मित्रांबरोबर, पिवळी, दात कळा मारतील इतकी गार, सोबत शेंगदाणे आणि बारीक चिरलेला कांदा. भाच्यानं आधी मला बर्फ आणू दिला नाही. मग शेंगदाण्याची वाटी माझ्या हातातून काढून घेतली. मी फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली बाहेर काढून तशीच ठेवली आणि म्हणाला, जरा थंडी जाऊ द्या तिची. मी वाट बघत बसलो. बिअरला ऊब येण्याची वाट बघत बसलेला नांदेडचा मी पहिलाच माणूस असेन.

माझा धंदा चष्म्यांचा. कुठलीही काच हातात आली की मी ती उजेडाकडे धरतो. ग्लासही धरला. आरपार काही नाही. ट्यूबलाइट पलीकडे आहे की नाही तेही कळेना. एवढी काळी काच मी ग्रहण बघायलासुद्धा कोणाला विकलेली नाही. वर फेस मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा.

पहिला घोट घेतला आणि माझं तोंड, भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे, लहान मुलाला एरंडेल पाजल्यासारखं झालं. कडू, दाट, करपलेलं. ज्वारीची भाकरी तव्यावर विसरली की तिच्या कडेला जो काळा पापुद्रा येतो, तो कोणीतरी पातळ करून बाटलीत भरला होता. दुसऱ्या घोटाला कडूपणाच्या मागून काहीतरी गोड आलं, काकवीसारखं, गुऱ्हाळाच्या कढईचा तळ खरवडल्यासारखं. तिसऱ्याला कॉफी. चौथ्याला मी घोट मोजणं सोडलं. कान गरम झाले आणि मला एकाएकी सगळी माणसं चांगली वाटायला लागली, अगदी शेजारचे चष्मेवालेसुद्धा. घरात काय करपलं म्हणून माझी बायको दोनदा गॅस बघून आली.

“कशी आहे?” भाच्यानं विचारलं.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, ग्लास छातीशी धरला आणि मोठं भाषण केलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. पण भाच्याचा चेहरा पडला तो आठवतो. मी स्तुती केली होती ना. त्या घरात वाढलेल्या पोराला स्तुतीचा काय उपयोग?

सोमवार चुकवून आम्ही रविवार धरला, मोंढाही बंद असतो. सकाळच्या एस.टी.नं निघालो. उरलेली बाटली स्वेटरात, स्वेटर भाच्याच्या मांडीवर. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी दाजींपुढे करायची प्रस्तावना पाठ करत होतो. जव हे कसं पवित्र धान्य आहे, होमात कसं लागतं, वगैरे. चाकूरला भाचा म्हणाला, मामा, तुम्ही काही बोलूच नका.

आक्कानं लेकासाठी पुरणपोळी केली होती. जेवताना दाजी म्हणाले, वेलदोडा जास्त झाला. थोड्या वेळानं म्हणाले, आणि पुरण जरा सैल हाय. आक्का पदरात हसली आणि तिनं त्यांच्या ताटात तिसरी पोळी वाढली.

जेवण झाल्यावर दाजी बाजेवर टेकले. भाच्यानं बाटली आणून समोरच्या स्टुलावर ठेवली आणि घाबरत सगळं एका दमात सांगितलं. काय आहे, कशाची आहे, स्वतः केली आहे, प्या म्हणत नाही, फक्त बघा. आक्का दारात येऊन उभी राहिली. माझी प्रस्तावना घशापर्यंत आली होती, ती मी गिळली.

दाजींनी बाटलीकडे बघितलं. लेबल वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, कारण असल्या प्रकरणात पाव्हणं, म्हणजे मी मेव्हणा, असणारच हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. आणि म्हणाले, “बरं हाय.”

झालं. भाच्यानं बाटली उचलली आणि स्वेटर उलगडला. शेतकरी पोत्याचं तोंड बांधतात ना, अगदी तसं. आणि तो स्वेटर उलगडताना त्यातून एक पुडी बाजेवर पडली आणि फुटली. आप्पांना वाटलंच तर दाखवावी म्हणून आणलेली भाजकी ज्वारी. कॉफीच्या रंगाचे दाणे चादरीवर पसरले.

आता दाजींचं मन काहीही ठरवो, त्यांचा हात मोंढ्याचा आहे. समोर धान्य पडलं आणि तो हात आपोआप गेला. चिमूट उचलली, तळहातावर घेतली, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला.

“करपवलीस,” दाजी म्हणाले.

भाच्याचा हात स्वेटरात तसाच थांबला. “मुद्दाम, आप्पा.”

“मुद्दाम? आपली ज्वारी हाय ही. दाणा ओळखतो मी. भाकरीची ज्वारी मुद्दाम करपवलीस व्हय?” त्यांनी आणखी एक दाणा फोडला. “आन् ही त्या पाण्यात घातली?”

भाच्यानं मान हलवली. दाजींनी दाणा चावून संपवला. मग आक्काकडे न बघता म्हणाले, “वाटी आण. माल बघतो.”

आक्कानं स्टीलची वाटी आणली. भाच्यानं घोटभर ओतली, निम्मी फेसच झाली. दाजींनी आधी वास घेतला, मग करडीच्या तेलाचा नमुना बघतात तशी करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. डोळे मिटले. उठले, मोरीपाशी जाऊन थुंकले, चूळ भरली. परत आले.

त्यांनी पुन्हा करंगळी बुडवली. पुन्हा मोरी, पुन्हा चूळ. तिसऱ्यांदा बुडवली तेव्हा मोरीकडे निघायला त्यांना जरा उशीर झाला. तो मी पाहिला, पण माल बघणं म्हणजे खाणं नव्हे, या तत्त्वाचा मी आदर करतो.

मग दाजी बाजेवर मांडी घालून बसले आणि सुरू झाले. जव कुठून घेतला, त्याला वास धुराचा येतो. ज्वारी कमी पडली, जवाच्या पुढं तिचं काही चालंना. कडू लई हाय, आजारी माणसाला देतो काय. फेस असा, जसं भांड्याला साबण राहिला. बाटली एवढीशी, आत माल किती, काच किती. लेबल काळं, बिअर काळी, दुकानातल्या अंधारात गिऱ्हाइकाला दिसंल कसं. झाकण गंजंल. आन् गोडवा मागून येतो, तो आधी यायला पाहिजे, मागून आलेल्याचा काय उपयोग. दर नावाला भाचा मान डोलवत होता, आणि त्याचा चेहरा असा फुलत चालला होता की मला नजर दुसरीकडे वळवावी लागली.

दाजी थांबेनात. पाणी कुठलं वापरलं, इथपासून पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी दारात उभ्या असलेल्या आक्कालाच राहवलं नाही. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “एवढी नावं तर तुम्ही माझ्या पुरणपोळीलाबी कधी ठेवली न्हाईत!”