मशिदीचे सर्व सामान

आमच्या अड्याळच्या मशिदीच्या छपरावर तेव्हा मातीचे कवेलू होते. दर पावसाळ्याआधी ते फेरावे लागत आणि दर वर्षी आम्ही वर्गणीसाठी त्याच चार दारांत उभे राहत असू. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच मशिदीच्या कमिटीत शिरलो होतो. मॅट्रिक झाल्याची घमेंड होती, अक्षर चांगलं म्हणून आणखीच. लोक लग्नाच्या जेवणाला मशिदीच्या मोठ्या देगा फुकट नेतात, तळ जाळून परत आणतात, मग भाडं का घेऊ नये, हे मीच बैठकीत काढलं.

मौलवीसाहेबांनी एकदम नकार दिला नाही. देगा, सतरंज्यांचं दुरुस्तीपुरतं घ्या, ज्याला झेपेल त्याच्याकडून, म्हणाले. पण नमाजाआधी हातपाय धुवायचं वजूचं पाणी, नमाजाची जागा आणि मयत न्यायचा जनाजा यांना पैसा लावू नका. ते अल्लाहच्या नावानं सोडलेलं आहे, आपण त्याचे मालक नाही. मी मान डोलावली आणि पाटीवर ठळक लिहिलं, ‘मशिदीचे सर्व सामान भाड्याने मिळेल. भाडे आगाऊ द्यावे.’ एकेक वस्तू लिहायचा कंटाळा आला, एवढंच कारण.

महिनाभरात आमच्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या, सगळ्यांच्या खालाचा म्हणजे मावशीचा नवरा सकाळीच वारला. मयतीची अंघोळ, गुसल झालं, कफन झालं, दुपारची जोहरची नमाज होऊन गेली, तरी खाला जनाजा आणू देईना. माझा भाऊ बाहेर गेलाय, येऊ द्या, एवढंच म्हणे. मयतीला असं ताटकळत ठेवू नये म्हणून मौलवीसाहेब अस्वस्थ झाले. आम्हाला वाटलं, भाऊ पाहुण्यांना आणायला गेला असेल.

तो घामाघूम परतला तो एकटाच. बिडी ठेकेदाराकडून उचल आणायला गेला होता. खालानं मला दारात बोलावलं आणि पाचाची नोट माझ्या हातात कोंबली.

“पोरीनं पाटी वाचून दाखवली मले. पैसे आंधी द्याचे हायेत ना, बाबू? माह्या माणसाले उधारीवर नेऊ नोका.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नोट परत देऊ लागलो, तिनं हात मागे घेतला. मौलवीसाहेबांनी ती मशिदीत घेऊ दिली नाही. पाटी त्याच संध्याकाळी मी उतरवली, पण नोट माझ्याकडेच राहिली.

पुढे ऐंशी सालानंतर माझे वडील गेले. जनाजा आणायला मीच मशिदीत गेलो. कोणी काही मागितलं नाही, कोणी काही विचारलं नाही. माझ्या बापाला मी फुकट नेलं.